औषधाची हळद

हळदीची वाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी भर रस्त्यात गुडघ्यांवर बसले होते. ज्ञानूमामा हात जोडल्या अवस्थेतच कडेच्या घाणेरीच्या झुडपात आडवा झाला होता, आणि त्याची लूना आमच्या दोघांच्या मध्ये पडून एकटीच फुरफुरत होती.

"सांडली का गं?" झुडपातून मामाचा आवाज आला.

"न्हाई."

"थेंबबी?"

"थेंबबी न्हाई."

"मारुतीची कृपा," मामा म्हणाला आणि तिथूनच त्यानं पुन्हा एकदा हात जोडले.

खरं तर आम्ही पडलो होतो तेच मुळी मारुतीमुळे. देवळावरून जाताना मामा हात जोडल्याशिवाय पुढं जात नसे. पायी जाताना ते ठीक होतं, बैलगाडीतही खपून जायचं. पण लूना त्यानं नुकतीच घेतली होती, आणि देवाला एका हातानं नमस्कार करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. कालव्याच्या वळणावर मारुतीचं देऊळ आलं, मामानं दोन्ही हात सोडले, डोळेही मिटले असावेत. वळणानं मात्र आपलं वळायचं सोडलं नाही.

माझ्या हातातली हळद साधीसुधी नव्हती. त्या सकाळी माझ्या थोरल्या भावाला, सर्जादादाला, हळद लागली होती. नवऱ्या मुलाला लावून उरलेली ती उष्टी हळद नवरीकडे न्यायची आणि तीच नवरीला लावायची, ही आमच्याकडची रीत. नेण्याचा मान करवलीचा, म्हणजे माझा. घरच्या बाकीच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गाणी म्हणत मागून येत होत्या. मामा म्हणाला होता, ट्रॉली काय गोगलगाय हाय, तुला मी वाऱ्यागत पोचवतो. वाऱ्यागत तर आलोच होतो, फक्त शेवटी जरा जमिनीवरून आलो.

नवरी म्हणजे इंदू, माझी पाचवीपासूनची मैत्रीण. हे लग्न मी जुळवलं असं मी सगळ्यांना सांगत असे. दादा आणि इंदू एकमेकांकडे बघून हसत, त्यावरून ते माझ्या आधीच जुळलं असावं. इंदूला आई आठवत नव्हती. तिला वाढवलं होतं तिच्या तानूआत्यानं. आत्या ऐन विशीत विधवा होऊन भावाकडे परत आलेली, आणि आल्या आल्या तिच्या पदरात ही रांगती पोर पडलेली. इंदूची वेणी, इंदूचा डबा, इंदूचा ताप, सगळं आत्याचं. आणि आता इंदूच्या हळदीला आत्या म्हणत होती, "म्या मागल्या दारी बसंन. पांढऱ्या कपाळाची बाई हळदीत नको."

यावरून दोघींचं बोलणं बंद पडलं होतं. इंदू म्हणाली होती, पहिलं बोट आत्याचं लागणार नसेल तर मला हळदच नको. आत्या म्हणाली होती, नको तर नको, तशीच जा. दोघी एकाच चुलीपुढं बसून एकमेकींशी मांजराच्या मार्फत बोलत होत्या. शेवटी इंदूनं मला गाठलं आणि आमचा बेत ठरला. मुलाकडची करवली म्हणजे त्या दिवसाची महाराणी, ती रुसली तर मांडव हलतो. तिनं मागितलेल्याला नाही म्हणायची सोय नसते. मी वाटी थेट आत्याच्या हातात द्यायची आणि सांगायचं, पहिलं बोट तुम्ही लावायचं, हाच आमचा मान. एवढंच काम होतं, आणि तेवढ्यासाठी मी रात्रभर ते वाक्य घोकत होते.

आता आत्याचा स्वभाव सांगायला हवा. दूध नासलं, पाल चुकचुकली, मांजर आडवं गेलं, की दोष आत्या स्वतःकडे घेई. ठेच कुणालाही लागो, पायगुण तिचाच. तिनं जर पाहिलं असतं की करवली रक्तबंबाळ होऊन दारात उभी आहे, तर ती मागच्या दारी नव्हे, मागच्या डोंगरावर जाऊन बसली असती.

म्हणून वाटी वाचली या आनंदात मी उठले आणि मग खाली पाहिलं. नवी कोरी अंजिरी साडी दोन्ही गुडघ्यांवर फाटली होती आणि आतून रक्त येत होतं. कोपरही सोललं होतं.

"आयला, रगत," मामा धावत आला. त्यानं वाटीवरचं फडकं दूर केलं, बचकभर हळद उचलली आणि माझ्या एका गुडघ्यावर थापली. पुन्हा बचक भरली आणि दुसऱ्यावर थापली. कोपरासाठी त्याचा हात परत वाटीकडे निघाला तेव्हा कुठं मला वाचा फुटली.

"मामा, काय करतोयस?"

"हळद लावतोय. रगत थांबतंय हळदीनं."

"कुठली हळद?"

मामानं हाताकडे पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं. वाटीच्या तळाला बोटभर पिवळा थर राहिला होता. मामा हळूच रस्त्यात मांडी घालून बसला.

मला रागवायचं होतं, पण त्याचं ते तोंड पाहून मला हसूच आवरेना. जी हळद मी गुडघे फोडून वाचवली होती, ती त्याच गुडघ्यांवर थापली गेली होती. मी हसायला लागले तसा मामाही हसायला लागला, आणि कालव्यावर म्हशी धुणारी दोन माणसं आमच्याकडे टक लावून बघत राहिली.

इंदूच्या घराला आम्ही मागच्या बाजूनं वळसा घातला. पुढं मांडवात पाहुण्यांची गर्दी होती. मागच्या अंगणात मी मांजरीचा आवाज काढला, ही आमची शाळेतली खूण, आणि पिवळी साडी नेसलेली, केस मोकळे सोडलेली नवरी मोरीच्या दारात आली. मला पाहून ती एक क्षण घाबरली, मग तिनं माझे पिवळेधमक गुडघे पाहिले.

"तुला कुणी लावली?" तिनं विचारलं.

"मामानं."

"आणि मला?"

मी वाटी पुढं केली. तिनं तोंडावर पदर दाबला आणि भिंतीला टेकून खाली घसरत गेली. नवरी रडतेय असं कुणालाही वाटलं असतं.

मामाला आम्ही दाराशी पहाऱ्याला बसवलं. आत्या येताना दिसली की शीळ घालायची. शीळ त्याला येत नव्हती, मग खोकायचं ठरलं. मामा इतका घाबरला होता की कोंबडी आली तरी तो खोकायचा, आणि प्रत्येक वेळी इंदू मला पाण्याच्या पिंपामागं ढकलायची.

शाळेत असताना आम्ही दोघींनी गाईडच्या शिबिरात प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मिळवलं होतं. तिथं आम्ही एकमेकींचे धडधाकट हात झोळीत बांधत असू आणि त्याला शाबासकी मिळत असे. खरं रक्त दोघींपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. तरी शिबिरातल्या बाईंचा आवाज कानात होता.

"आधी आपले हात," मी म्हणाले.

इंदूनं साबणानं हात धुतले.

"आता ही हळद काढ. खाली सगळी माती अडकलीय."

"काढू? उष्टी हळद धुऊन काढायची?"

"मग काय गुडघ्यांशी लग्न लावतेस?"

पुन्हा हसण्याची उबळ आली. इंदूनं तांब्यानं वरून पाण्याची धार धरली. हळद गेली, मग माती गेली, मग बारीक खडे दिसले. ते तिनं पाण्यानं आणि स्वच्छ कापडाच्या टोकानं एकेक करून काढले. मी ओठ चावत होते आणि मधूनमधून तिच्या मोकळ्या केसांना गच्च धरत होते. जखमेच्या कडेनं साबणाचा फेस फिरवून तिनं पुन्हा पाणी ओतलं. मग फळीवरची डेटॉलची बाटली काढली आणि ती उजेडात धरून बघितली.

"काल तर भरलेली होती," ती म्हणाली. "अर्धी कुणी संपवली?"

"पाण्यात टाक चार थेंब. नुसतं ओतशील, मी किंचाळेन आणि मांडव गोळा होईल."

कोपर, गुडघे, सगळं धुऊन पुसून तिनं तिच्याच जुन्या धुतलेल्या साडीच्या पट्ट्या बांधल्या. तिची एक साडी मला नेसवली. जखमा स्वच्छ झाल्या होत्या, फक्त त्यांच्या भोवतीचं कातडं पिवळं राहिलं होतं. ते पुढं आठवडाभर तसंच राहिलं.

आता वाटी. इंदू स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊन आली.

"पण ही तर साधी हळद," मी म्हणाले. "उष्टी नव्हे."

"तळाला आहे की थोडी. विरजणाला किती लागतं? चमचाभर. एवढ्या दुधाचं दही होतं, मग एवढ्या हळदीची उष्टी हळद होणार नाही?"

तिनं डबा वाटीवर कलता केला, त्याच वेळी मामा कोंबडीला खोकला, इंदू दचकली आणि अख्खा डबा वाटीत रिकामा झाला. पाणी घालून कालवली तर वाटी काठोकाठ भरली. घरून निघाली होती त्याच्या दुप्पट हळद झाली होती. द्रौपदीच्या थाळीगत वाढतीया, असं मामा दारातून म्हणाला. आणि लगेच तो खोकला. मग पुन्हा खोकला, आणि खोकतच राहिला.

"ज्ञानोबा, काढा दिऊ का करून?" बाहेर तानूआत्याचा आवाज आला.

आत्या मोरीच्या दारात उभी राहिली. काळसर लुगडं, उजवा हात पदराखाली, चेहरा नेहमीसारखा कोरा. तिनं नाक वर केलं आणि हुंगलं.

"वास कशाचा येतुया?" तिनं विचारलं.

"कसला वास?" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"दवाखान्याचा."

मी साडी नीट गुडघ्यांवर ओढून उभी राहिले. विचित्र गोष्ट म्हणजे आत्याही जरा मागं सरकली आणि तिनं पदर आणखी आवळला. पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी घाईघाईनं वाटी पुढं केली आणि घोकलेलं वाक्य सोडलं.

"आत्या, मी मुलाकडची करवली. पहिलं बोट तुम्ही लावायचं. हाच आमचा मान."

आत्या वाटीकडे बघत राहिली. मला वाटलं, जमलं. पण तिनं मान हलवली.

"पोरी, दुसरं काय बी माग. माजी बोरमाळ माग, गाय माग, दावणीची सोडून देते. ह्ये नको मागूस."

"करवलीला नाही म्हणत नसतात," मी म्हणाले.

"तुला न्हाई म्हनत न्हाई. माज्या नशिबाला म्हनते." मग ती इंदूकडे न बघता म्हणाली, "सांग तुज्या मैत्रिणीला. तिचं चांगलं व्हावं म्हनून मी लांब ऱ्हाते."

"सांग तुझ्या आत्यांना," इंदू म्हणाली, "माझं जे काही चांगलं झालं ते त्यांच्याच हातानं झालंय." एवढं बोलताना तिचा आवाज फुटला. सकाळपासूनचं सगळं हसू तिच्या चेहऱ्यावरून पार उतरून गेलं.

एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे पाया पडून विनवणं. मी वाटी फळीवर ठेवली आणि वाकले. गुडघ्यांचं मी विसरूनच गेले होते. दोन्ही गुडघे दुमडले तशी अशी काही कळ आली की मी "आई गं" म्हणत सरळ आत्याच्या पायांवर कोसळले. साडी वर सरकली, पट्ट्या दिसल्या, आणि एका पट्टीतून लाल डाग वर आला.

संपलं, मी मनात म्हटलं. आता अपशकुन, आता डोंगर.

"अगं बाई, कुटं पडलीस?" आत्या खाली बसली आणि मला धरायला तिनं दोन्ही हात पुढं केले.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंध्यांचं गाठोडं बांधलेलं होतं. रक्तानं काळं पडलेलं, आणि त्याला डेटॉलचा असा भपकारा होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या बोटाकडे पाहिलं. ती माझ्या गुडघ्यांकडे पाहत होती. इंदू फळीवरच्या अर्ध्या बाटलीकडे पाहत होती.

"हे केव्हा झालं?" इंदूनं विचारलं. मांजराच्या मार्फत नव्हे, थेट विचारलं.

"पहाटं. विळीवर खोबरं काढत हुते." आत्यानं हात मागं घ्यायला बघितलं. "लग्नघरात माजं रगत सांडलं असं लोकांनी म्हनाया नको. म्हनून लपवलं."

"मीपण म्हणूनच लपवलं," मी म्हणाले. "तुम्ही म्हणू नये म्हणून."

आत्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. मी आधी तो हुंदका समजले. पण आत्या हसत होती. खांदे हलवून, आवाज न करता, बहुतेक फार वर्षांनी. मग मी, मग इंदू. दाराबाहेर मामा काय झालं ते न कळताच हसायला लागला.

"बसा," मी म्हणाले. "माझ्याकडे प्रमाणपत्र आहे."

चिंधी बोटाला चिकटून बसली होती. आत्या ती हिसडून काढणार होती, मी तिचा हात धरला. पाण्यात बोट बुडवून ठेवलं, चिंधी भिजू दिली, मग ती आपोआप सुटली. आत्यानं जखमेवर नुसतं डेटॉल ओतलं होतं आणि वर चहाची पत्ती भरली होती. मी ती सगळी धुऊन काढली. काप खोल नव्हता, पण उघडल्यावर परत रक्त आलं. स्वच्छ कापडानं मी तो दाबून धरला आणि तिचा हात वर उचलून ठेवला. आत्या शाळेत प्रश्नाचं उत्तर द्यायला बसल्यासारखी बोट वर करून बसून राहिली. रक्त थांबलं तशी मी पट्टी बांधली.

"हळद ऱ्हायली की," आत्या म्हणाली.

"धुतलंय स्वच्छ. हळदीची गरज नाही."

"बिनहळदीचं कुटं बरं व्हतंय व्हय? वरनं तर लाव. डबा आण गं."

इंदूनं डबा आणला आणि उलटा करून दाखवला. त्यातून एक कणही पडला नाही.

"अगं, काल भरून ठेवलावता."

आम्ही दोघींनी फळीवरच्या वाटीकडे पाहिलं. आत्यानंही पाहिलं. घरात होती नव्हती ती सगळी हळद त्या वाटीत काठोकाठ भरून बसली होती.

"मग ऱ्हाऊ दे," आत्या हलकेच म्हणाली.

"आत्या, हे औषध आहे," मी म्हणाले. हे मी ठरवून बोलले नाही, तोंडातून निघून गेलं. "औषधाला कसला आलाय मान न् पान? मघाशी माझ्या गुडघ्यांना लागलीच की."

"गुडघ्यांना?" आत्यानं विचारलं.

इंदूनं उत्तर द्यायला वेळ घालवला नाही. तिनं वाटी खाली घेतली, चार बोटं बुडवली आणि आत्याच्या हाताला हळद लावली. पट्टीच्या कडेनं लावली, मग तळव्याला लावली, मग मनगटापर्यंत लावली. एवढ्याशा बोटाला एवढं औषध कुठल्या डॉक्टरनं दिलं नसतं. आत्या आपल्या पिवळ्या हाताकडे अशी बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

मग इंदूनं तो हात दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या गालावर ठेवला. एका गालावर, मग दुसऱ्या गालावर, मग कपाळावर.

"लागलं पहिलं बोट," ती म्हणाली.

आत्याला हात काढून घेता आला असता. तिनं काढला नाही. तिचा अंगठा इंदूच्या गालावर हळूहळू फिरायला लागला, लहान मुलाचं तोंड पुसतात तसा. "येडी," ती म्हणाली. "येडी ती येडीच ऱ्हायली." आणि मग ती रडली, आणि आम्हीही रडलो, पण ते रडणं हसण्याच्या इतकं जवळचं होतं की मला आजही सांगता येत नाही कुठलं कधी संपलं.

तेवढ्यात आमची ट्रॉली पोचल्याचा गलका झाला. मांडवात पाटावर इंदू बसली तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर आधीच हळद होती आणि तिच्यामागं आत्या उभी होती. मनगटापर्यंत पिवळा हात तिनं लपवला नाही. एका चुलतीनं डोळे बारीक करून विचारलंच, "वन्सं, हाताला हळद हो?"

"लागलंय मला," आत्या म्हणाली. "औषध हाय."

करवली म्हणून मला जागा द्यायला सगळ्या सरकल्या. मला काही मांडी घालता येईना, मी पाय लांब करून महाराणीसारखी बसले.

पुढं माझं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी वहिनी म्हणून इंदू सकाळपासून धावत होती. तानूआत्या एसटीनं आली. दारात तिला पाणी द्यायला मी गेले तर तिच्या उजव्या हाताच्या बोटाला पांढरीशुभ्र पट्टी.

"काय झालं हो, आत्या?"

"विळीवर कापलं बाई. खोबरं काढत हुते."

तिनं नजर दुसरीकडे वळवली. मी तिला आतल्या खोलीत नेलं, बसवलं आणि पट्टी सोडायला घेतली. तिनं जरा हात ओढून घेतला, मग सोडू दिली. आत बोट चांगलं धडधाकट होतं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

आत्या जमिनीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

मी पट्टी पुन्हा बांधली, पहिल्यापेक्षा नीट, शिबिरात शिकवली होती तशी. मग दारात जाऊन मोठ्यानं हाक मारली, "अगं इंदू, हळदीची वाटी इकडं आण आधी. आत्यांना लागलंय."